आकडा आला कुठून, हे विचारायला शिकू या

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी घेतलेल्या अभ्यासवर्गातील भाषणाचा थोडा संक्षिप्त केलेला मजकूर)



'मानसशास्त्रातील संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र' हा विषय फळ्यावर वाचून काहीजणींच्या पोटात गोळा आला असेल. गणित सुटले ते शाळेतच, आता पुन्हा कशाला, असेही वाटत असेल. आज मी तुम्हाला सूत्रे शिकवणार नाही. पण आपल्या कामात दर चार दिवसांनी कुणीतरी आपल्यासमोर एक आकडा ठेवतो. "बायका मुळातच भावनाप्रधान असतात, हे संशोधनाने सिद्ध झालंय," असे कधी वकील म्हणतो, कधी गावातले गुरुजी म्हणतात, कधी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातली चौकट म्हणते. आपण गप्प बसतो, किंवा रागाने म्हणतो की आकड्यांत काही अर्थ नसतो. या दोन्ही गोष्टी आपल्याला परवडणाऱ्या नाहीत. स्त्रियांना कमी ठरवणारे निष्कर्ष बहुतेक वेळा कच्च्या पद्धतीतून आले आणि ते खोडले गेले ते पक्क्या पद्धतीने. त्या पद्धतीची तोंडओळख आज करून घेऊ.

पाळी आणि बुद्धी

सुरुवात आपल्या ओळखीच्या विषयापासून करते. १८७३ साली बोस्टनच्या एडवर्ड क्लार्क या डॉक्टरने एक पुस्तक लिहिले. मुलींनी मुलांसारखा अभ्यास केला, विशेषतः पाळीच्या दिवसांत मेंदूला ताण दिला, तर त्यांचे गर्भाशय आणि प्रकृती बिघडते, असे त्याचे म्हणणे. पुरावा काय? त्याच्याकडे आलेल्या काही आजारी मुलींच्या हकिगती. त्या मुली खरोखरच आजारी असतील. पण डॉक्टरकडे आजारीच माणसे येतात. शिकूनही ठणठणीत राहिलेल्या मुली त्याच्या दवाखान्यात कशाला येतील? आणि न शिकलेल्या, पण आजारी पडलेल्या मुली किती, हे त्याने मोजलेच नव्हते.

तीनच वर्षांनी, १८७६ मध्ये, मेरी पटनम जेकोबी या डॉक्टर स्त्रीने त्याला उत्तर दिले. ज्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या, त्याच महाविद्यालयाच्या या आधीच्या विद्यार्थिनी. त्यांनी प्रश्नावली तयार करून बायकांकडे पाठवली. २६८ जणींची उत्तरे आली. दुखते का, किती दुखते, शिक्षण किती झाले, व्यायाम किती, काम कोणते, हे त्यांनी विचारले. शिवाय नाडीचा जोर, शरीराचे तापमान यांसारखी मोजमापेही घेतली. पाळीत विश्रांती घेतलीच पाहिजे, अशी सर्व स्त्रियांसाठी सक्ती करायला कसलाही आधार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्या निबंधाला हार्वर्ड विद्यापीठाचे बॉयलस्टन पारितोषिक मिळाले. स्पर्धेत निबंध निनावी द्यायचे असत, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तरी "त्या चार दिवसांत बाईचे डोके नीट चालत नाही" ही समजूत गेली नाही. १९१४ साली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये लेटा हॉलिंगवर्थ यांनी पीएच.डी.साठी हाच विषय घेतला. त्यांनी २३ बायका आणि तुलनेसाठी २ पुरुष निवडले. बोटाने किती भराभर टिचक्या मारता येतात, हात किती स्थिर राहतो, रंगांची नावे किती लवकर सांगता येतात, विरुद्धार्थी शब्द किती पटकन सुचतात, याच्या चाचण्या त्यांनी अनेक दिवस पुन्हा पुन्हा घेतल्या. पाळीच्या दिवसांत कामगिरी घसरल्याचे दिसले नाही.

इथे पद्धतीतल्या तीन गोष्टी दिसतात. 'बायकांचे डोके चालत नाही' या मोघम वाक्याचे त्यांनी मोजता येईल अशा गोष्टीत रूपांतर केले. एकाच बाईची पाळीच्या आणि इतर दिवसांतली कामगिरी ताडून पाहिली. आणि पुरुषही घेतले, कारण माणसाचे काम रोज थोडे वरखाली होतच असते आणि ते पुरुषाचेही होते. तुलनाच नसेल तर बाईचा प्रत्येक चढउतार पाळीच्या नावावर खपतो. २३ ही संख्या लहान होती, हे मान्य करायला हवे. पण २०२५ साली शंभराहून अधिक अभ्यास एकत्र करून तपासले गेले, तेव्हाही पाळीच्या चक्राबरोबर विचारशक्ती बदलते असा भक्कम पुरावा मिळाला नाही. दुखते ते खरेच आहे, त्यासाठी सवलत मागणे हा हक्कही आहे. पण 'दुखते' आणि 'डोके चालत नाही' ही दोन वेगळी विधाने आहेत आणि त्यांना वेगवेगळा पुरावा लागतो.

कुणाला विचारले?

याच हॉलिंगवर्थबाई न्यूयॉर्कमध्ये मतिमंद व्यक्तींची तपासणी करणाऱ्या एका केंद्रात नोकरी करत होत्या. त्या काळी असे मानत की पुरुषांमध्ये बुद्धीचा पसारा मोठा असतो. अतिहुशारही त्यांच्यातच आणि अगदी मंदही त्यांच्यातच, बायका मात्र सगळ्या मध्यम. पुरावा म्हणून संस्थांतली पुरुषांची जास्त संख्या दाखवत. हॉलिंगवर्थबाईंनी नोंदी तपासल्या तेव्हा वेगळेच दिसले. मंदबुद्धीचा मुलगा कमावू शकत नाही म्हणून लवकर संस्थेत आणला जाई. तशीच मुलगी मात्र घरात भांडी घासत, मुले सांभाळत खपून जाई. आधार देणारे माणूस गेले की मोठ्या वयात ती संस्थेत पोहोचे. म्हणजे संस्थेतल्या आकड्यांत बुद्धीपेक्षा घरकाम दिसत होते.

संख्याशास्त्रात याला नमुना निवडीतला दोष म्हणतात. भाताचे शीत चाचपून भात शिजला का ते आपण ओळखतो, पण त्यासाठी भात ढवळलेला हवा. वरचेच शीत घेतले तर खालचा भात करपला आहे की कच्चा आहे, ते कळत नाही. समजा, आपल्या सल्ला केंद्रात आलेल्या १०० बायकांपैकी ८० जणींना नवरा मारतो. "केंद्रात आलेल्यांपैकी ८० टक्के" हे विधान खरे. "आपल्या तालुक्यातल्या ८० टक्के बायका" हे विधान खोटे, कारण ज्या आल्याच नाहीत त्यांच्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही. असे विधान आपण पत्रकात छापले, तर विरोधकाला आपले बाकीचे खरे म्हणणेही उडवून लावायला सोपे जाते.

तालुक्याबद्दल बोलायचे तर यादृच्छिक नमुना हवा, म्हणजे यादीतल्या प्रत्येक बाईला निवडले जाण्याची ठाऊक असलेली संधी हवी. अशा पद्धतीने १०० जणी निवडल्या तर उत्तरात साधारण १० टक्क्यांची इकडेतिकडे चूक धरावी लागते, ४०० निवडल्या तर ५ टक्क्यांची, १६०० निवडल्या तर अडीच टक्क्यांची. चूक निम्मी करायला बायका चौपट लागतात, एवढे लक्षात ठेवा. आणि नमुनाच एकांगी असेल तर लाखभर बायका विचारूनही ती चूक जात नाही.

सरासरीच्या आत काय दडले आहे?

समजा, बचत गटात दहा जणी आहेत. नऊजणी महिन्याला ६,००० रुपये मिळवतात आणि एकीचे दुकान असल्याने तिला ६०,००० मिळतात. सरासरी येते ११,४००. गटातल्या एकाही बाईची ती मिळकत नाही. सगळ्यांना मिळकतीप्रमाणे रांगेत उभे केले तर मधल्या बाईची मिळकत ६,०००. तिला मध्यांक म्हणतात आणि इथे खरे चित्र तोच दाखवतो. म्हणून सरासरी ऐकली की आकडे किती पसरलेले आहेत, हे विचारायचे. त्या पसाऱ्याचे माप म्हणजे प्रमाण विचलन.

स्त्री-पुरुषांच्या मनाबद्दल जे संशोधन सांगितले जाते, त्यात नेमकी हीच गोष्ट गाळलेली असते. 'पुरुषांना सरासरीने जास्त गुण मिळाले' एवढेच छापून येते. २००५ साली जॅनेट हाइड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्त्रीने अशा फरकांचे ४६ मोठे आढावे एकत्र केले. गणित, भाषा, आत्मसन्मान, आक्रमकता, नेतृत्व असे कितीतरी विषय त्यात होते. ७८ टक्के फरक लहान किंवा जवळजवळ शून्य निघाले. लहान म्हणजे किती? समजा, सरासरीतला फरक प्रमाण विचलनाच्या एक पंचमांश आहे. अशा वेळी एक पुरुष आणि एक स्त्री डोळे मिटून निवडली, आणि असे १०० वेळा केले, तर साधारण ५६ वेळा एकाचे गुण जास्त येतील आणि ४४ वेळा दुसऱ्याचे. एवढ्या फरकावर कुणाला यंत्रावर बसवायचे आणि कुणाला पॅकिंगला, हे ठरवणे म्हणजे जवळजवळ छापाकाटा करणे. काही फरक मोठेही निघाले, उदाहरणार्थ चेंडू लांब फेकण्यात. ते लपवायचे कारण नाही. पण त्यावरून बुद्धीबद्दल काही ठरत नाही.

आणखी एक शब्द तुमच्या कानावर येईल, 'सार्थक' फरक. व्यवहारात सार्थक म्हणजे महत्त्वाचा. संख्याशास्त्रात त्याचा अर्थ एवढाच की, मुळात फरक नसता तर निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता फार कमी आहे, बहुधा शंभरात पाचांहून कमी. हजारो माणसे तपासली तर क्षुल्लक फरकही 'सार्थक' ठरतो. म्हणून 'सार्थक आहे का?' यापाठोपाठ 'केवढा आहे?' हे विचारायचेच.

काय विचारले?

मानसशास्त्रात मोजायच्या गोष्टी तराजूवर ठेवता येत नाहीत. दुःख, भीती, हिंसा या गोष्टी प्रश्न विचारूनच मोजाव्या लागतात. मग प्रश्न बदलला की आकडा बदलतो. आपल्या देशातलेच उदाहरण घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या १९९८-९९ च्या दुसऱ्या फेरीत विवाहित स्त्रियांना एक सर्वसाधारण प्रश्न विचारला होता: पंधरा वर्षांच्या झाल्यापासून कुणी तुम्हाला मारहाण किंवा शारीरिक छळ केला का? नवऱ्याकडून असे झाल्याचे १९ टक्के स्त्रियांनी सांगितले. २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीत एकेक कृती विचारली. ढकलले का? थोबाडीत मारली का? हात पिरगळला, केस ओढले का? लाथ मारली, फरफटवले का? गळा दाबला, भाजले का? या वेळी नवऱ्याकडून शारीरिक हिंसा झाल्याचे ३५ टक्के स्त्रियांनी सांगितले. त्यात थोबाडीत खाल्लेल्याच ३४ टक्के होत्या.

सात वर्षांत नवरे दुपटीने मारू लागले, असा याचा अर्थ लावता येणार नाही. 'मारहाण' म्हटल्यावर बाईच्या डोळ्यांसमोर डोके फुटलेली शेजारीण येते. स्वतःला बसलेली थोबाडीत तिच्या हिशेबी मारहाण नसतेच. "मारत नाही हो, एखादी लगावतो," हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकले आहे. प्रश्न तोच राहतो तेव्हाच दोन फेऱ्यांची तुलना करता येते. आणि ज्या गोष्टीला समाजाने नाव दिलेले नाही, ती मोजायची तर प्रश्नात तिचे वर्णन करावे लागते.

कशामुळे?

आता सगळ्यांत जास्त घोटाळा जिथे होतो तिथे येऊ. दोन गोष्टी बरोबर आढळल्या की त्यांच्यात सहसंबंध आहे असे म्हणतात. त्यातली एक दुसरीचे कारण आहे, असे त्यावरून ठरत नाही. दारूचे बघा. नवरा वारंवार दारू पिऊन येतो त्या घरांत मारहाण जास्त आढळते, हे सर्वेक्षणे पुन्हा पुन्हा दाखवतात. आडवी बाटलीच्या मतदानाला बायका रांगा लावून उभ्या राहिल्या त्या अनुभवाने शहाण्या झाल्या होत्या म्हणूनच. पण न पिणारे नवरेही मारतात, आणि पिणारा नवरा वरिष्ठाला मारत नाही, घरी येऊन बायकोला मारतो. दारू हेच एकमेव कारण धरले, तर दुकान बंद झाल्यावरही मार खाणाऱ्या बाईला आपण काय सांगणार?

कारणापर्यंत जायचे तर आधी काय झाले आणि नंतर काय झाले, हे पाहावे लागते. गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. एका जिल्हा रुग्णालयातल्या २७० गरोदर बायकांना त्यांनी शेवटच्या तिमाहीत गाठले आणि बाळंतपणानंतरही भेटत राहिले. सहा ते आठ आठवड्यांनी ५९ जणी, म्हणजे सुमारे २३ टक्के, खिन्नतेच्या विकाराने ग्रासलेल्या होत्या. त्यांपैकी ७८ टक्के जणींना गरोदरपणातच लक्षणीय मानसिक त्रास होता. गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध यांचा या आजाराशी संबंध दिसला. नवऱ्याची मारहाण आणि उपासमार यांचा परिणाम मूल मुलगी आहे की मुलगा यानुसार बदलत होता. बाळंतीण रडते, बाळाकडे बघत नाही, तेव्हा घरातले म्हणतात, बाहेरचे काही लागले. डॉक्टर म्हणतात, शरीरातल्या बदलांमुळे होते. गरोदरपणापासून पाहिले म्हणूनच कळले की बहुतेकींचे दुखणे बाळंतपणाआधीचे होते. हा नमुना रुग्णालयात आलेल्यांचा होता; घरीच बाळंत झालेल्यांबद्दल तो काही सांगत नाही. अशी मर्यादा सांगितल्याने अभ्यास कमजोर होत नाही, उलट त्याच्यावर विश्वास ठेवता येतो.

उपाय लागू पडतो का, हे पाहायचे तर प्रयोग लागतो. पाकिस्तानातल्या रावळपिंडीजवळच्या ग्रामीण भागात अतिफ रहमान आणि सहकाऱ्यांनी तो केला. २००८ साली तो प्रसिद्ध झाला. ४० विभागांपैकी निम्म्यांत गावातल्याच आरोग्य सेविकांना खिन्न गरोदर बायकांशी बोलण्याचे, त्यांचे विचार आणि सवयी बदलायला मदत करण्याचे शिक्षण दिले. उरलेल्या निम्म्यांत असे शिक्षण न घेतलेल्या सेविकांनी तेवढ्याच भेटी दिल्या. कोणता विभाग कोणत्या गटात जाणार, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे योगायोगावर सोडले होते. सहा महिन्यांनी शिक्षण घेतलेल्या सेविकांच्या गटात २३ टक्के बायका खिन्न राहिल्या, दुसऱ्या गटात ५३ टक्के.

दुसरा गट नसता तर काय झाले असते? सुरुवातीला सगळ्याच खिन्न होत्या आणि आता ७७ टक्के बऱ्या झाल्या, म्हणजे सगळे श्रेय आमच्या कार्यक्रमाचे, असे अहवालात लिहिले गेले असते. पण दुसऱ्या गटातल्याही ४७ टक्के बऱ्या झाल्याच. खरा परिणाम मधल्या फरकाएवढा, सुमारे ३० टक्क्यांचा. तोही मोठाच आहे, आणि फार पदव्या नसलेल्या बायकांनी घडवलेला आहे. 'शिबिरानंतर ९० टक्के सहभागींना आत्मविश्वास वाटू लागला' असे आपण लिहितो, तेव्हा दुसऱ्या गटाची आठवण ठेवू या.

आपल्याला आवडणारा निष्कर्षही

लॉरेन्स कोलबर्ग यांनी नैतिक विचारांच्या पायऱ्या मांडल्या, पण १९५८ च्या त्यांच्या मूळ अभ्यासात फक्त मुलगे होते. १९८२ मध्ये कॅरल गिलिगन यांनी यावर नेमके बोट ठेवले आणि म्हटले, स्त्रिया नीतीचा विचार वेगळ्या तऱ्हेने, नातेसंबंध आणि काळजी यांच्या अंगाने करतात. आपल्या चळवळीत हे पुष्कळांना भावले. पण पुढे अनेक अभ्यास एकत्र केले तेव्हा असा फरक लहानच निघाला. मुलींना वगळून सिद्धांत मांडला, हा गिलिगनबाईंचा आक्षेप आजही तितकाच खरा आहे. मात्र 'बाई जात्याच मायाळू' हे शत्रूने म्हटले तर पुरावा मागायचा आणि मैत्रिणीने म्हटले तर टाळ्या वाजवायच्या, असे करता येणार नाही. त्याच वाक्याने आपल्याला पाळण्याशी बांधले आहे.

शास्त्रज्ञही या मोहातून सुटलेले नाहीत. २०१५ साली मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध अभ्यास अनेकांनी मिळून पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत सार्थक निष्कर्ष होता. पुन्हा केल्यावर तो फक्त ३६ टक्क्यांत आला. फरक सापडला की छापतात आणि नाही सापडला की कपाटात ठेवतात, हे त्याचे एक मोठे कारण. म्हणून एका अभ्यासावर कधी विसंबू नये.

आपण विचारायला जाऊ तेव्हा

आपल्यापैकी अनेकजणी वस्तीत, गावात पाहणी करतात. त्यांच्यासाठी शेवटचे. काय शोधायचे ते आधी एका वाक्यात लिहा. प्रश्न पाच-दहा जणींना विचारून पाहा आणि ज्या शब्दावर त्या अडखळतात तो बदला. "नवरा त्रास देतो ना?" असा उत्तर सुचवणारा प्रश्न नको. निवड कशी केली, किती जणींनी नकार दिला, किती घरे बंद होती, हे अहवालात लिहा. शेकडा प्रमाणाबरोबर मूळ संख्याही द्या. चारांपैकी तिघींना '७५ टक्के' म्हणू नका. अपेक्षेविरुद्ध आलेले उत्तरही छापा.

आणि हिंसेबद्दल विचारताना सासू दाराआड उभी नाही ना, हे आधी पाहा. राष्ट्रीय सर्वेक्षणात एका घरातल्या एकाच स्त्रीला हे प्रश्न विचारतात आणि एकांत मिळाला नाही तर विचारतच नाहीत. घरातल्या दुसऱ्या कुणाला विषय कळला तर रात्री तिलाच मार पडेल. कुठल्याही आकड्यापेक्षा तिची सुरक्षितता मोठी. नाव लिहायचे नाही, संमती विचारायची, तिने मध्येच थांबायचे म्हटले तर थांबायचे, आणि मदत कुठे मिळेल हे सांगितल्याशिवाय उठायचे नाही.

पुढच्या वेळी कुणी म्हणाले, "संशोधनाने सिद्ध झालंय," तर चार गोष्टी शांतपणे विचारा: कुणाला विचारलं? काय विचारलं? कुणाशी ताडून पाहिलं? फरक केवढा निघाला? समोरच्याकडे उत्तरे असली तर ऐकून घ्या, आपल्यालाही शिकायला मिळेल. आणि हेच चार प्रश्न आपल्या स्वतःच्या अहवालाला छापायला देण्याआधी विचारा.